ग्राहकांचे प्रश्न : प्रीपेड ठेवावे की पोस्टपेड घ्यावे?

या महिन्याच्या टपालात नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून मोबाइलच्या प्लॅनविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. उत्तरांत जे दर आले आहेत ते हिशेब समजावा म्हणून धरलेले गोल आकडे आहेत. कंपन्यांचे दर सतत बदलतात, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी त्या दिवशीचे दर पाहून हाच हिशेब आपण आपल्या घरासाठी पुन्हा मांडावा.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालो आहे. घरात मी, पत्नी, पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी आणि ८२ वर्षांची आई असे आम्ही चौघे असून चौघांचीही कार्डे प्रीपेड आहेत. आठ-दहा दिवसांनी कोणाचे ना कोणाचे रिचार्ज संपते आणि ते लक्षात ठेवण्याचे काम माझ्याकडे असते. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "बाबा, सगळ्यांचे मिळून एक पोस्टपेड घेऊन टाका, महिन्याला एकच बिल येईल आणि स्वस्तही पडेल." ते खरोखर स्वस्त पडते का?
(एक वाचक, नाशिकरोड)

एकच बिल येईल हे आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. स्वस्त पडेल की नाही, हे मात्र वर्षाचा हिशेब मांडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बहुतेक घरांत नेमका तोच मांडला जात नाही.

प्रीपेडचा 'महिना' बहुधा २८ दिवसांचा असतो. त्यामुळे वर्षाला बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज करावी लागतात. दर २८ दिवसांना ३०० रुपयांचे रिचार्ज आहे असे धरले, तर एका कार्डाचा वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो. याविषयी ग्राहकांनी तक्रारी केल्यानंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला आणि प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे असे बंधन घातले. दुकानात न विचारता २८ दिवसांचाच प्लॅन पुढे केला जातो, म्हणून हे प्लॅन मागून घ्यावे लागतात. ते घेतानाही एकूण किमतीपेक्षा दिवसाला किती रुपये पडतात हे पाहावे, कारण दोन दिवस वाढवताना किंमतही वाढवलेली असू शकते.

पोस्टपेडच्या बाजूला निराळी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रीपेडच्या छापील किमतीत १८ टक्के वस्तू व सेवा कर आधीच धरलेला असतो, तर पोस्टपेडच्या जाहिरातीतले मासिक भाडे साधारणपणे कराशिवाय सांगितलेले असते. म्हणजे ३५० रुपये भाडे वाचून आपण प्लॅन घेतला, तर बिल ४१३ रुपयांचे येते आणि वर्षाचा खर्च ४,९५६ रुपये होतो. एकट्या माणसाला पोस्टपेड बहुधा महागच पडते, ते यामुळे.

आता आपल्या चौघांचा हिशेब पाहू. प्रत्येकाचे ३०० रुपयांचे प्रीपेड धरले तर वर्षाला १५,६०० रुपये लागतात. चौघांचे कौटुंबिक पोस्टपेड कराशिवाय १,००० रुपयांना मिळते असे धरले, तर करासह महिन्याला १,१८० आणि वर्षाला १४,१६० रुपये होतात. येथवर आपल्या मुलाचे म्हणणे खरे ठरते, कारण १,४४० रुपये वाचतात.

परंतु या हिशेबात आपल्या मातोश्रींना आणि आपल्या मुलीला एकाच मापाने मोजले गेले आहे. मातोश्री फोनवर नातेवाइकांशी बोलत असतील आणि इंटरनेट वापरत नसतील, तर त्यांच्या कार्डावर रोज दीड जीबी डेटा विकत घेण्याचे काहीच कारण नाही. पूर्वी मोठ्या कंपन्यांकडे डेटाशिवायचे सोयीचे प्लॅन मिळत नसत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलले, केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यासाठीचे व्हाउचर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ पासून असे प्लॅन बाजारात आहेत. मातोश्रींसाठी असा वर्षभराचा प्लॅन १,८०० रुपयांना मिळाला असे धरले, तर प्रीपेडवर चौघांचा मिळून खर्च १३,५०० रुपये होतो आणि पोस्टपेडचा फायदा तेथेच संपतो. शिवाय वृद्ध माणसाच्या फोनवर डेटा नसला, तर फसवणुकीच्या लिंक उघडल्या जाण्याचा धोकाही बराच कमी होतो. माझ्या मते ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे.

तिसरा मार्ग असा की, मातोश्रींचे कार्ड प्रीपेड ठेवून उरलेल्या तिघांचे पोस्टपेड घ्यावे. ते कराशिवाय ८५० रुपयांना मिळाले, तर करासह महिन्याला १,००३ आणि वर्षाला १२,०३६ रुपये होतात. त्यात मातोश्रींचे १,८०० मिळवले की बेरीज १३,८३६ रुपये होते. सगळे प्रीपेड ठेवण्यापेक्षा हे वर्षाला ३३६ रुपयांनी, म्हणजे महिन्याला २८ रुपयांनी महाग आहे. तारखा लक्षात ठेवण्याच्या कामातून मोकळे होण्यासाठी एवढी रक्कम देणे आपणास मान्य असेल तर तो निर्णय मुळीच चुकीचा नाही. मात्र ते काम प्रीपेडवर ऑटोपे लावूनही टळू शकते. यूपीआयवर ऑटोपेची सोय २०२० पासून आहे आणि पैसे कापले जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, त्यामुळे नको असेल तर थांबवताही येते.

मुलीच्या बाबतीत डेटाचे स्वरूप पाहावे. प्रीपेडमध्ये रोजचा कोटा मध्यरात्री संपतो आणि न वापरलेला डेटा वाया जातो. पोस्टपेडमध्ये महिन्याचा एकत्र कोटा असतो आणि काही प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो. रविवारी चार तास व्याख्याने पाहणाऱ्या आणि इतर दिवशी फारसे इंटरनेट न वापरणाऱ्या विद्यार्थिनीला दुसरी पद्धत सोयीची असते. घरी ब्रॉडबँड असेल तर दोन्हींपैकी सर्वांत लहान प्लॅनही तिला पुरेल.

कौटुंबिक पोस्टपेडमधील एका गोष्टीचा विचार मात्र आपण शांतपणे करावा, कारण विक्रेता ती सांगत नाही. बिलाची जबाबदारी मुख्य क्रमांकधारकाची, म्हणजे आपली असते. आपण आजारी पडलात, रुग्णालयात राहिलात आणि बिल थकले, तर पत्नीचा आणि मुलीचाही फोन बंद पडू शकतो. त्या काळात त्यांना फोनची सर्वाधिक गरज असेल. म्हणून बिल भरण्याची व्यवस्था आपल्याशिवाय घरातील दुसऱ्या कोणाला तरी माहीत असलीच पाहिजे.

पोस्टपेड घेऊन पाहिले आणि पटले नाही, तर क्रमांक न बदलता पुन्हा प्रीपेडकडे येता येते. ओटीपीद्वारे एकदा बदल केल्यानंतर पुढचा बदल करण्यासाठी पूर्वी ९० दिवस थांबावे लागे. जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने पहिल्या बदलानंतरची ही मुदत ३० दिवसांवर आणली आहे. त्यामुळे दोन बिले येईपर्यंत अनुभव घेऊन नंतर निर्णय पक्का करण्यास हरकत नाही.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. गेल्या फेब्रुवारीत काढणीच्या धावपळीत रिचार्जची तारीख निघून गेली आणि ऐन वेळी मुकादमाला फोन लागेना. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या बँक खात्याला जोडलेले दुसरे कार्ड बरेच महिने रिचार्ज केले नव्हते, ते कायमचे बंद झाले. पोस्टपेड घेतले असते तर हे टळले असते असे सगळे सांगतात. आम्ही काय करावे?
(एक द्राक्ष बागायतदार)

पोस्टपेडमध्ये तारीख चुकली तरी फोन त्याच दिवशी बंद होत नाही, बिल भरण्यासाठी काही दिवस मिळतात, हे खरे आहे. तरीही आपणास मी पोस्टपेड सुचवणार नाही, कारण आपला पैसा दर महिन्याला येत नाही. काढणी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालते आणि व्यापाऱ्याकडून रक्कम मिळते ती त्याच सुमारास किंवा थोडी नंतर. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून पुढे औषधे आणि मजुरी यांत हातचा पैसा जात असताना दर महिन्याला एका ठरावीक तारखेला बिल भरण्याचे बंधन नोकरदाराला जमते, पण बागायतदाराला ते जड जाते. उलट, मालाचे पैसे हाती आल्यावर एप्रिलमध्येच ३६५ दिवसांचे प्रीपेड रिचार्ज करून टाकले, तर पुढच्या एप्रिलपर्यंत तारखेचा प्रश्नच उरत नाही आणि काढणीचा काळ दरवर्षी मुदतीच्या आत येतो. वर्षाच्या रिचार्जचा आणखी एक फायदा २०२४ मध्ये दिसला. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा आधी वर्षाचे पैसे भरलेल्यांना ती वाढ मुदत संपेपर्यंत लागली नाही.

वर्षाचे रिचार्ज करण्यापूर्वी एक काळजी अवश्य घ्यावी. मध्येच कंपनी बदलली तर प्रीपेडची उरलेली मुदत आणि शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही, ती बुडते. म्हणून बागेत, घरात, शेडमध्ये आणि पॅकहाउसवर कोणत्या कंपनीची रेंज मिळते याची आधी खात्री करावी. ट्रायच्या निर्देशानुसार २०२५ पासून कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. ते पाहावेत, परंतु त्यांवरच विसंबू नये. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगरी भागांत एका टेकडीआड रेंज असते आणि दुसऱ्या टेकडीआड नसते, आणि दिंडोरीच्या पश्चिम बाजूच्या काही गावांचीही अवस्था तशीच आहे. शेजारच्या बागायतदाराचा त्या कंपनीचा फोन घेऊन दोन दिवस आपल्या बांधावर फिरून पाहणे हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पोस्टपेडला रेंज चांगली मिळते असे काही विक्रेते सांगतात. दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना टॉवर तोच असतो, त्यामुळे जेथे टॉवरच पोहोचत नाही तेथे पोस्टपेड घेऊनही तो पोहोचणार नाही.

आपल्या बंद पडलेल्या कार्डाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण असे नुकसान अनेक घरांत होते. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले आणि पुढे काही वर्षे 'लाइफटाइम' कार्डे मिळत होती. त्या काळापासून अनेकांच्या मनात असा समज बसला आहे की, कार्ड नुसते फोनमध्ये असले तरी ते चालू राहते. आता तसे नाही. मुदत संपली की आपल्याकडून जाणारे कॉल लगेच थांबतात, काही दिवसांत येणारे कॉल आणि एसएमएसही थांबतात आणि ९० दिवस कोणताच वापर झाला नाही तर कंपनीला तो क्रमांक बंद करता येतो. ट्रायच्या नियमांत एक सोय आहे. प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखून ठेवला जातो, आणि क्रमांक बंद झाल्यानंतरही १५ दिवसांच्या आत ठरावीक रक्कम भरून तो परत मिळवता येतो. येथे शिल्लक म्हणजे प्लॅनमधील डेटा किंवा मिनिटे नव्हेत, तर टॉकटाइमची रक्कम होय. ज्या कार्डावर बँकेचा ओटीपी येतो त्यावर २० रुपयांचा टॉकटाइम स्वतंत्र भरून ठेवावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता जे झाले त्यावर उपाय एकच आहे. आपण स्वतः बँकेच्या शाखेत जाऊन खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तातडीने बदलून घ्यावा. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, पण त्यानंतर तो एखाद्या अनोळखी ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग आपले ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ लागतील. आधार, गॅसजोडणी, विमा आणि सातबाराशी संबंधित शासकीय योजना यांपैकी जेथे जेथे तो क्रमांक दिलेला असेल तेथेही बदल करावा. हे काम काढणी संपेपर्यंत पुढे ढकलू नये.

प्रश्न : माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. त्याचा येथील क्रमांक बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवायचा आहे. तो सध्या आमच्या पोस्टपेडमध्ये आहे. तेथे गेल्यावर दोन वर्षांच्या करारावर फोनसह प्लॅन मिळतो, तो घ्यावा का, असेही तो विचारत आहे.
(एक वाचक, गंगापूर रोड)

येथील क्रमांक जाण्यापूर्वी प्रीपेडमध्ये बदलून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशात उतरल्यावर फोन चालू केला आणि डेटा रोमिंग सुरू राहिले, तर पोस्टपेडमध्ये खर्च आधी होतो आणि बिल नंतर येते. प्रीपेडमध्ये भरलेल्या रकमेपलीकडे खर्च जाऊच शकत नाही. वर्षभराचे, शक्यतो केवळ बोलणे आणि एसएमएसचे रिचार्ज करावे, निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करून घ्यावी आणि फोनमधील डेटा रोमिंग बंद ठेवावे. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण येणाऱ्या कॉलला पडतात, म्हणून आपण त्याला या क्रमांकावर फोन करू नये. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून या दोन्ही गोष्टींची खात्री करून घ्यावी.

पोस्टपेड ग्राहकांसाठी क्रमांक 'सुरक्षित ताब्यात' ठेवण्याची सोय असते आणि तिच्यासाठी तीन महिन्यांना जास्तीत जास्त १५० रुपये घेता येतात. काही विक्रेते परदेशी जाणाऱ्यांना ती सुचवतात. त्या काळात क्रमांक आपल्या नावावर राहतो, पण सेवा बंद असल्यामुळे ओटीपी येत नाही. आपल्या मुलाची गरज ओटीपीची आहे, त्यामुळे ही सोय त्याच्या कामाची नाही. प्लॅस्टिकचे सिम खराब झाले किंवा हरवले तर तेथे बसून नवे मिळवणे अवघड जाते, हेही लक्षात घेऊन सिम आणि फोन दोन्ही जाण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

आता तेथील कराराविषयी. आपल्याकडे पोस्टपेड म्हणजे महिन्याच्या शेवटी बिल, एवढाच अर्थ राहिला आहे. फोनसह दोन वर्षे बांधून घेणारा करार येथे फारसा रुजला नाही. जर्मनीत तो सर्रास असतो. तेथील कायद्यानुसार पहिला करार जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असू शकतो, कंपन्यांना १२ महिन्यांचाही पर्याय द्यावा लागतो आणि डिसेंबर २०२१ पासून ती पहिली मुदत संपल्यानंतर करार आपोआप पुढे चालू राहिला तरी एक महिन्याची सूचना देऊन तो कधीही सोडता येतो. म्हणजे मुदतीनंतर ग्राहक मोकळा असतो. पण पहिल्या २४ महिन्यांत तो बांधलेलाच असतो, शिक्षण सोडून परतावे लागले किंवा पैशांची तंगी आली तरीही. नव्या देशात पहिले काही महिने राहण्याचा पत्ता बदलतो, बँक खाते उघडलेले नसते आणि खर्चाचा अंदाज आलेला नसतो. अशा वेळी कराराची सही करू नये. तेथेही प्रीपेड मिळते, ते घेताना पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरून ते चालवता येते. युरोपीय संघातील इतर देशांत फिरताना जून २०१७ पासून वेगळे रोमिंग शुल्क लागत नाही आणि ही सवलत प्रीपेडलाही लागू आहे, त्यामुळे त्या कारणासाठी करार घेण्याची गरज नाही.

फोनसह करार स्वस्त वाटतो, कारण फोनची किंमत मासिक हप्त्यांत विरून जाते. मुलाला एवढेच करायला सांगावे की, २४ महिन्यांच्या सर्व हप्त्यांची बेरीज करावी आणि तोच फोन रोखीने घेऊन सोबत प्रीपेड चालवले तर होणारी बेरीज तिच्याशेजारी लिहावी. शक्य असल्यास येथील चालू स्थितीतला फोनच घेऊन जाणे सर्वांत बरे.

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना आहे. सहा कामगारांना फोन द्यायचे आहेत. प्रीपेड द्यावे की कारखान्याच्या नावावर पोस्टपेड?
(एक लघुउद्योजक)

कारखान्याच्या नावावर पोस्टपेड घ्यावे. आपण वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतल्यास व्यवसायासाठी वापरलेल्या फोनवरच्या १८ टक्के कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट आपणास मिळते. घरगुती ग्राहकाला जो कर अंगावर घ्यावा लागतो तो आपल्या बाबतीत वजा होतो, त्यामुळे वरचा नाशिकरोडच्या वाचकांसाठीचा हिशेब आपणास लागू पडत नाही. प्रत्येक जोडणीला खर्चाची मर्यादा मात्र लेखी घालून घ्यावी. कामगार सोडून गेला तरी ग्राहक आणि पुरवठादार यांच्याकडे असलेला क्रमांक कारखान्याकडेच राहतो, हाही एक लाभ आहे. याच कारणासाठी कामगाराचा स्वतःचा जुना क्रमांक कारखान्याच्या नावावर घेऊ नये. त्याचे बँक खाते आणि आधार त्या क्रमांकाशी जोडलेले असतात, आणि नोकरी सुटताना तो परत त्याच्या नावावर करून देईपर्यंत त्याला नाहक त्रास होतो.

प्रश्न : माझ्या पोस्टपेड बिलात मी न मागितलेल्या सेवेचे पैसे तीन महिने लागून येत आहेत. ग्राहक सेवेला दोनदा फोन केला, "होऊन जाईल" असे उत्तर मिळाले. वैतागून बिल न भरता कंपनी बदलावी असे वाटते.
(एक वाचक, पंचवटी)

आपला संताप योग्य आहे, पण बिल थकवून कंपनी बदलता येणार नाही. जुन्या कंपनीचे देणे शिल्लक असेल तर पोर्टिंगची, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची, विनंती तेथेच अडते. तोंडी तक्रारीचाही पुढे पुरावा राहत नाही, त्यामुळे प्रथम तक्रारीचा क्रम सुधारावा लागेल.

अशा मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांसाठी ठेवलेला आहे. त्यावर आजच फोन करून ती सेवा बंद करावी, म्हणजे पुढच्या बिलातील वाढ थांबेल. नियमाप्रमाणे अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. आपण ती दिलेली नसेल, तर कंपनीकडे त्या संमतीची नोंद मागावी. मग १९८ या तक्रार क्रमांकावर नव्याने तक्रार नोंदवावी आणि तिचा डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, अवश्य लिहून घ्यावा. आपण आधी केलेले दोन फोन या क्रमांकाअभावी मोजले जाणार नाहीत. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ठरलेल्या मुदतीत आलेच नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, त्याला कोणतेही शुल्क नसते आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये.

तेथेही न्याय मिळाला नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे चालत नाहीत, असे अनेक वर्षे सांगितले जात असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आयोगांपुढे चालतात, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. अनेक प्रकरणे तेथेच मिटतात.

तक्रार सुरू असताना बिलातील निर्विवाद रक्कम भरत राहावे आणि वादाची रक्कम कोणती, हे कंपनीला ई-मेलने लेखी कळवावे. त्यानंतरही कंपनी बदलण्याचे ठरले, तर सर्व देणे मिटवून 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून एक जागा सोडून आपला क्रमांक लिहावा आणि तो एसएमएस १९०० वर पाठवावा, म्हणजे उत्तरात पोर्टिंगचा संकेतांक येतो. चालू कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, आणि सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर पुढचे ७ दिवस हा संकेतांक मिळत नाही. मिळालेला संकेतांक चार दिवस चालतो. महाराष्ट्र परिमंडळातल्या (परिमंडळ म्हणजे दूरसंचार सेवेचा विभाग) परिमंडळात बदल होत असेल तर तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या परिमंडळातून येत असाल तर पाच. नवे कार्ड सुरू होण्यास काही तास सेवा बंद राहू शकते, म्हणून ज्या दिवशी बँकेचे किंवा दवाखान्याचे काम असेल तो दिवस टाळावा. नव्या कंपनीकडे जाताना, पंचवटीसारख्या गर्दीच्या भागात आपण राहता हे ध्यानात घेऊन, पहिले तीन महिने कमी मुदतीचे प्रीपेडच घ्यावे. रामकुंडावर पर्वणीची गर्दी असताना त्या कंपनीचे नेटवर्क कसे चालते याचा अनुभव घ्यावा आणि वर्षाचे पैसे नंतर भरावेत.